कॉलेज कोणाला मानवते?
(ग्रामीण महाविद्यालय आणि मराठी कादंबरी)

१

बारावीचा निकाल लागतो आणि तालुक्याच्या आसपासच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. जवळच्या कॉलेजात नाव घालावे, की पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला पाठवावे? मी अशाच एका लहान कॉलेजात शिकलो आणि पुढे तशाच दुसऱ्या कॉलेजात मराठी शिकवले. त्यामुळे हा प्रश्न घेऊन पालक आणि मुले दरवर्षी माझ्याकडे येत राहिली. त्यांच्या मनातले कॉलेजचे चित्र शेजारी, पाहुणे, पुढच्या वर्गातली मुले यांच्या सांगण्यातून तयार झालेले असते. वाङ्मयीन मासिके वाचणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनातले चित्र मात्र बरेचसे कादंबऱ्यांतून आलेले आहे. खेड्यातले कॉलेज म्हटले की आपल्यापुढे संस्थाचालकाची जीप उभी राहते, जातीवार बसलेली स्टाफरूम उभी राहते आणि बदलीची नाही तर राजीनाम्याची वाट पाहणारा एक तरुण प्राध्यापक उभा राहतो.

हे चित्र खोटे नाही. पण ते कोणी, कोठे बसून काढले आणि त्यात काय दिसत नाही, हे तपासल्याशिवाय त्याच्या आधारे सल्ला देणे बरे नव्हे. या लेखात मला तेवढेच करायचे आहे.

मराठीत अशा निवडीसाठी 'योग्य'पेक्षा नेमका शब्द आहे, तो म्हणजे मानवणे. पाणी मानवते, हवा मानवते, एखादे औषध मानवत नाही. पाणी मानवले नाही म्हणून ते वाईटच असते असे नाही, आणि माणूस नाजूक असतो असेही नाही. दोघांचे जमते की नाही हे काही दिवस राहिल्यावर कळते. 'योग्य कॉलेज' म्हटले की आपण कॉलेजला गुण देऊ लागतो. 'मानवणारे कॉलेज' म्हटले की लगेच विचारावे लागते, कोणाला? मराठी कादंबरीने हा प्रश्न विचारला आहे, पण बहुतेक वेळा एकाच माणसाच्या वतीने.

२

आधी ही कॉलेजे आली कुठून ते पाहू. एकोणिसाव्या शतकातली आपली कॉलेजे शहरांत किंवा संस्थानांच्या राजधान्यांत होती. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे, पुण्याचे फर्ग्युसन १८८५ चे. शिकायचे तर गाव सोडायचे, हा तेव्हाचा नियमच होता. तो मोडायला सुरुवात झाली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ मध्ये संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि १९५४ मध्ये कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज. साताऱ्याच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' या योजनेखाली मुले काम करून शिकत. गारगोटीला जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने मौनी विद्यापीठ उभे राहिले. निजामी राजवट नुकतीच संपलेल्या मराठवाड्यात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाल्यावर तालुक्याच्या गावांत कॉलेज काढणे शक्य झाले. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीची सवलत मिळू लागली ती याच काळात.

या संस्थापकांच्या कामांत फरक बरेच होते, पण एका निर्णयात ते सारखे होते. विद्यार्थ्याने कॉलेजकडे जायचे हा क्रम त्यांनी उलटा केला आणि कॉलेजला विद्यार्थ्यापर्यंत नेले. म्हणजे या कॉलेजांच्या मुळाशी मानवण्याचा प्रश्न आधीच सोडवलेला होता. कॉलेज ज्यांच्यासाठी काढले त्यांना दुसरे कॉलेज नव्हते. निवड हा शब्द त्यांच्या बाबतीत लागूच पडत नव्हता.

पुढे या कामात दुसरी माणसे आली. सहकारी कारखान्याभोवती, आमदारकीभोवती संस्था वाढल्या. १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि कॉलेज काढणे ही काही ठिकाणी समाजसेवा राहिली, काही ठिकाणी धंदा झाली, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच कंपाउंडात नांदू लागली. मराठी कादंबरी या कॉलेजांत शिरली ती या दोन काळांच्या सांध्यावर.

३

त्याआधी मात्र एक उलट दिशेची कादंबरी आली. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला जातो. कॉलेज मोठे, शहर विद्येचे माहेरघर म्हणवणारे, वडील पैसे पाठवणारे. आजचा कोणताही पालक ज्याला 'चांगले कॉलेज' म्हणेल त्याच्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात. आणि पांडुरंग होस्टेल, मेस, गॅदरिंग, उधाऱ्या यांच्यातून जाऊन परीक्षेत नापास होऊन गावी परततो. धाकटी बहीण मनी देवीने गेली, ते दुःख त्याच्या बरोबर असते.

'कोसला'वर मराठीत एवढे लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. आपल्या प्रश्नापुरते एवढेच नोंदवतो की शहरातले मोठे कॉलेज गावच्या मुलाला आपोआप मानवत नाही, हे मराठी कादंबरीने पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे इथे सांगितले. मात्र पांडुरंगाला नापास होऊन परतता येते. गावात घर आहे, शेती आहे, रागावणारे का होईना पण पोसणारे वडील आहेत. पुण्यात वाया गेलेली वर्षे त्याला परवडतात. ज्या मुलाच्या घरी पहिल्या वर्षाची खोलीभाड्याची रक्कम उसनी काढलेली असते, त्याला असे वाया जाणे परवडत नाही. 'कोसला' आपल्याला मोठ्या कॉलेजविषयी सावध करते. लहान कॉलेजविषयी ती काही सांगत नाही, कारण पांडुरंगाच्या काळात सांगवीजवळचे कॉलेज ही त्याच्या घराच्या डोळ्यांपुढची वाट नव्हती.

४

लहान गावच्या कॉलेजचे तपशीलवार चित्र नेमाडे यांनीच पुढे काढले. 'बिढार' आणि 'हूल' १९७५ मध्ये आल्या, 'जरीला' १९७७ मध्ये आणि 'झूल' १९७९ मध्ये. इंग्रजीचा प्राध्यापक चांगदेव पाटील मुंबई सोडतो आणि एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जात राहतो. नेमाडे स्वतः नगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी इंग्रजी शिकवत होते, तेव्हा हे जग त्यांना आतून माहीत होते. 'बिढार' म्हणजे पाठीवरचा संसार, आज इथे तर उद्या तिथे. 'झूल' म्हणजे सणाला बैलाच्या पाठीवर टाकतात ते नक्षीचे कापड. दोन्ही शब्द प्राध्यापकाच्या नोकरीला चपखल बसतात.

चतुष्टयाचे मोठेपण त्याच्या बारकाईत आहे. जात विचारल्याशिवाय सुरू न होणाऱ्या ओळखी, संस्थेतले गट, विद्यार्थ्यांच्या संघटना, सहकाऱ्यांची लहान लहान भांडणे आणि त्यांच्याच घरचा जेवणाचा आग्रह, हे सगळे इतक्या धीराने दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. लहान कॉलेजात नोकरीला निघालेल्या माणसाने ही पुस्तके जरूर वाचावीत.

पण या मालिकेचा आकारच एका आर्थिक परिस्थितीवर उभा आहे, याकडे टीकेचे फारसे लक्ष गेलेले नाही. चांगदेवला एक कॉलेज सोडून दुसरे धरता येते, म्हणून चार कादंबऱ्या होतात. राजीनामा हे त्या कथानकाचे इंजिन आहे. आणि राजीनामा देता येतो, कारण साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत नवी कॉलेजे भराभर निघत होती आणि शिकवायला माणसे कमी होती. त्यातही चांगदेव इंग्रजीचा. कला शाखेला इंग्रजी सक्तीचे असल्यामुळे तालुक्यातल्या कोणत्याही कॉलेजला इंग्रजी शिकवणारा माणूस लागेच. मराठीचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक इतक्या सहज बिढार उचलू शकला नसता.

आता हाच विषय वर्गाच्या दुसऱ्या बाजूने पाहू. ज्या सक्तीच्या इंग्रजीने चांगदेवला गावोगाव फिरण्याची मोकळीक दिली, त्याच सक्तीच्या इंग्रजीत खेड्यातली मुले सर्वांत जास्त अडकत. बाकी सगळे विषय सुटलेले आणि इंग्रजीसाठी दोन-दोन वर्षे घरी बसलेली मुले मी पुष्कळ पाहिली. शिकवणाऱ्याच्या हातात ज्या विषयाने तिकीट दिले, त्याच विषयाने शिकणाऱ्याचा रस्ता अडवला. चतुष्टयात पहिली गोष्ट कथानक होते आणि दुसरी पार्श्वभूमी राहते. याला मी लेखकाचा दोष म्हणत नाही. कादंबरी ज्याच्या खांद्यावर कॅमेरा ठेवते त्याला जे दिसते तेच तिला दिसते. पण वाचकाने लक्षात ठेवायला हवे की 'हे गाव मला मानवेल का' हा चांगदेवचा प्रश्न जाऊ शकणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

हे जाणे बंद झाले की काय होते ते सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये दिसते. ही कादंबरी २००२ ची. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ तनपुरे एम. ए., बी. एड. आहे. चांगदेवच्या पिढीला जी पदवी गावोगाव घेऊन गेली, तसली पदवी घेऊन एकनाथ घरी बसला आहे, कारण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत आणि शेती विकल्याशिवाय ते उभे राहणार नाहीत. 'बिढार' आणि 'बारोमास' यांच्यात सत्तावीस वर्षे आहेत. पहिल्या कादंबरीत माणूस कॉलेजे नाकारतो, दुसरीत संस्था माणसाला नाकारतात. म्हणून एक कादंबरी रस्त्यावर घडते आणि दुसरी एका घरात, एका वावरात घुसमटते. लहान कॉलेजांनी महाराष्ट्राला काय दिले याचा हिशेब मांडायचा तर ही दोन पुस्तके शेजारी ठेवावी लागतात. कॉलेजांनी शिकलेली माणसे तयार केली आणि त्यांना पोटात घेण्याची ताकद ना कॉलेजांत राहिली ना शेतीत.

५

या सगळ्याआधी आलेले एक पुस्तक मला इथे मुद्दाम आठवते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ ची. ती कॉलेजची गोष्ट नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एकशिक्षकी शाळेवर गेलेल्या तरुण मास्तरची गोष्ट आहे. पण गाव आणि शिक्षण यांचे जमण्याचा प्रश्न तिने ज्या टोकाने धरला, ते टोक नंतरच्या कादंबऱ्यांच्या हातून निसटले असे मला वाटते.

राजाराम सौंदणीकर वाडीत येतो तेव्हा शाळेत मुले नाहीत. मेंढरांमागे जाणारे पोर शाळेत का पाठवायचे, हा वाडीचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. मास्तर वाडीची कागदपत्रे लिहितो, भांडणांत पडतो, लोकांकडून श्रमाने तालीम बांधून घेतो. वाडी आपल्याला मानवेल का यापेक्षा आपण वाडीला मानवू का, याची त्याला अधिक काळजी आहे. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे आणि मेंढरे वाडी सोडून जातात आणि शाळेला मुलेच उरत नाहीत. मास्तरचे अपयश नाही, गावच उठून गेले.

हा शेवट आजच्या ग्रामीण कॉलेजला लागू पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या भागात दसऱ्यानंतर वर्ग पातळ होतात, हे तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बीड जिल्ह्यातली कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांवर जातात तेव्हा घरची म्हातारी माणसे आणि लहान भावंडे सांभाळायला कोणीतरी मागे राहते, आणि ते कोणीतरी बहुधा कॉलेजात नाव असलेली मुलगी असते. हजेरीपटावर ती गैरहजर असते. कॉलेजच्या गुणवत्तेचा तक्ता भरताना तिची गैरहजेरी कॉलेजच्या खात्यावर लिहिली जाते. सौंदणीकर मास्तरने ती कोणाच्या खात्यावर लिहिली असती?

शिकणाऱ्याच्या बाजूने मराठीत जे सर्वांत ताकदीचे लेखन झाले त्यात आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७) अग्रभागी आहे. कागलच्या मळ्यातल्या पोराने शाळेसाठी बापाशी घेतलेली ती झोंबी मॅट्रिकपर्यंत येऊन थांबते. कॉलेजचे दिवस 'नांगरणी'त (१९९०) येतात आणि तिथे पोर गाव सोडून निघालेले असते. म्हणजे पुन्हा, शिकणाऱ्याची गोष्ट गावाबाहेर जाते तेव्हाच कॉलेज सुरू होते. चांगदेव बाहेरून येऊन निघून जातो, यादवांचा आनंद आतून निघून जातो. रोज सकाळी एस.टी.ने येऊन दुपारी परत जाणारा, पदवी घेऊन त्याच पंचक्रोशीत राहणारा विद्यार्थी या पुस्तकांपैकी एकाच्याही मध्यभागी नाही. मुलगी तर नाहीच.

६

हा विद्यार्थी लिहीत नाही असे मात्र नाही. तो लिहितो कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकात. विद्यापीठे या अंकांच्या स्पर्धा घेतात, बक्षिसे देतात, आणि त्यानंतर ते अंक ग्रंथालयाच्या कपाटात जातात. समीक्षेने त्यांच्याकडे साहित्य म्हणून पाहावे असा माझा आग्रह नाही. साक्ष म्हणून मात्र पाहावे. पहिली पाने अध्यक्षांची, प्राचार्यांची, पाहुण्यांच्या सत्काराच्या फोटोंची. मग आईवरच्या कविता, शिवाजी महाराजांवरचे आणि सावित्रीबाईंवरचे लेख, दुष्काळ, हुंडा, मोबाईल. यातले बरेचसे घोटवलेले असते. पण मधेच एखादी मुलगी पहाटेच्या गाडीविषयी लिहिते आणि एकदम खरी जमीन लागते. गाडी चुकली तर पहिले दोन तास गेले. गाडी बंद झाली तर कॉलेज बंद झाले.

एस.टी.चे वेळापत्रक हे ग्रामीण कॉलेजचे खरे वेळापत्रक आहे. म्हणून यातली कित्येक कॉलेजे सकाळची भरतात आणि दुपारच्या गाडीला मोकळी होतात. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. तेरावीला गेल्यावर सवलत राहते, पण तिसरा हिस्सा भाडे भरावे लागते. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. ज्या घरात मुलीच्या शिक्षणावरचा प्रत्येक रुपया हा तिच्या लग्नाच्या बोलण्यात येतो, त्या घरात ती किरकोळ नसते. 'जवळ आहे म्हणून शिकवतो' हे वाक्य मी बापांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला प्रत्येक शब्द मला पाठ आहे. त्यातला भार 'जवळ' या शब्दावर असतो. कॉलेज वीस किलोमीटर लांब गेले की वाक्य पुरे होत नाही.

आता या 'जवळ'लाच धक्का लागण्याची वेळ आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असे उद्दिष्ट आहे की २०४० पर्यंत उच्च शिक्षणाची प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिच्यात ३,००० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत. त्याच धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात नोंद आहे की देशातल्या २० टक्क्यांहून अधिक कॉलेजांत शंभरपेक्षा कमी विद्यार्थी आहेत आणि ३,००० हून अधिक विद्यार्थी असलेली कॉलेजे केवळ ४ टक्के आहेत. याचा अर्थ आजची बहुतेक सारी कॉलेजे त्या मापात बसत नाहीत. त्यांनी वाढावे, एकत्र यावे, समूहात जावे अशी अपेक्षा आहे.

या धोरणाला एक बाजू आहे आणि ती नाकारण्यासारखी नाही. लहान असणे हा काही गुण नव्हे. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने मेजर आणि मायनर विषय निवडायचे आहेत. ज्या कॉलेजात चारच विभाग आहेत आणि त्यातल्या दोन विभागांत कायम शिक्षक नाही, तिथे निवड कागदावरच होते. तासिका तत्त्वावर काम करणारा शिक्षक आज या गावात, उद्या त्या गावात तास घेतो आणि सुट्टीचे पैसे त्याला मिळत नाहीत. त्याच्याकडून मुलांनी काय आणि किती अपेक्षा करायची? प्रयोगशाळेत साहित्य नाही, ग्रंथालयाला कुलूप आहे आणि परीक्षेच्या दिवशीच गजबजणारे कॉलेज आहे, असेही चित्र आपल्याकडे आहे. त्या कॉलेजला केवळ ते खेड्यात आहे म्हणून डोक्यावर घेणे ही मुलांची फसवणूक होईल.

पण माप तेवढे चुकीचे आहे. कॉलेजात किती विद्यार्थी आहेत हे विचारण्याआधी, हे कॉलेज नसते तर त्यातले किती विद्यार्थी कोणत्याच कॉलेजात नसते, हे विचारायला हवे. पाचशे मुलांच्या कॉलेजात अशी तीनशे मुले असतील तर ते कॉलेज मोठे आहे. रयतेने साताऱ्यात आणि आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा माप हेच होते.

७

मग पालकांना काय सांगावे? या पुस्तकांनी मला जे शिकवले आणि वर्गाने त्यात जी दुरुस्ती केली, त्यावरून मी काही गोष्टी विचारायला सांगतो.

पहिली, तुमच्या मुलाला जो विषय घ्यायचा आहे त्याला कायम शिक्षक आहे का? कॉलेजला कोणती श्रेणी मिळाली यापेक्षा हे महत्त्वाचे. पूर्ण कॉलेज सामान्य असते आणि एका विभागात एक माणूस वीस वर्षे जीव ओतून शिकवत असतो, असे लहान कॉलेजांत पुष्कळदा घडते. राजन गवस यांच्यासारख्या लेखकाने गारगोटीत शिकवले आणि लिहिलेही, तेव्हा गाव लहान म्हणून माणूस लहान असेल हे धरून चालू नये. मात्र तो माणूस कोणत्या विषयाचा आहे आणि निवृत्त कधी होणार आहे, हे विचारून घ्यावे.

दुसरी, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि त्यानंतर गावाकडे गाडी आहे का? या दोन वेळा जुळत नसतील तर ग्रंथालय आहे आणि नाही, सारखेच.

तिसरी, गेल्या तीन वर्षांत या विषयात पास झालेली मुले आज कुठे आहेत? कॉलेज ज्यांची नावे फलकावर लावते ती एक-दोन मुले पाहू नयेत. मधल्या रांगेतली मुले पाहावीत. बी. ए. झालेली मुलगी अंगणवाडीत, बँकेत, पोलिसात, पतसंस्थेत, पदव्युत्तर वर्गात कुठे आहे का, की निकालाच्या महिन्यातच तिचे शिक्षण संपले, हे गावातले लोक सांगू शकतात.

चौथी, विज्ञान घ्यायचे असेल तर प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी. भाषा, इतिहास, राज्यशास्त्र हे विषय एक चांगला शिक्षक आणि चालू ग्रंथालय एवढ्यावर उभे राहू शकतात. रसायनशास्त्र राहू शकत नाही. विज्ञानाला साधने नसतील तर घरच्यांनी ओढाताण करून का होईना, वसतिगृह असलेले लांबचे कॉलेज पाहावे, आणि हे मी मुलीच्या बाबतीतही तितकेच आग्रहाने सांगतो.

पाचवी गोष्ट पालकांना सांगायची नाही, शिक्षकाला सांगायची आहे. तालुक्याच्या कॉलेजात नोकरी धरताना चांगदेवचा प्रश्न विचारणे साहजिक आहे. खोली कशी मिळेल, सहकारी कसे आहेत, अध्यक्ष किती ढवळाढवळ करतात, हे पाहावेच. पण पहिल्या वर्षानंतर सौंदणीकर मास्तरचा प्रश्नही स्वतःला विचारावा. गावाने मला जागा दिली, माझ्यामुळे गावातल्या कोणत्या मुलाला जागा मिळाली? याचे उत्तर देता येत नसेल तर पगार नियमित असूनही ते कॉलेज आपल्याला मानवले नाही असे समजावे आणि जागा ज्याला हवी आहे त्याला ती मिळेल असे पाहावे. 'बारोमास'मधल्या एकनाथची पिढी अजून दाराबाहेर उभी आहे.

मराठी कादंबरीकडे परत येतो. स्टाफरूम तिने लिहून संपवली आहे. संस्थाचालक तिने इतका लिहिला की तो आता भेटण्याआधीच ओळखीचा वाटतो. तिने अजून न लिहिलेला भाग सकाळच्या गाडीत आहे. तिथे जी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली आहे, तिला आपले कॉलेज चांगले की वाईट हे आपल्याइतकेच, कदाचित आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. कोणते सर तासाला येत नाहीत, कोणत्या मॅडम तास संपल्यावरही थांबतात, कोणते पुस्तक मागितले की 'इश्यू झाले आहे' असे उत्तर मिळते, हे ती सांगू शकते. तरीही ती रोज येते. तिला ते कॉलेज मानवते का, हे तिला विचारून तिच्या तोंडून लिहिले गेले तर तीन हजारांचे माप लावणाऱ्यांनाही ते वाचावे लागेल. तोवर कॉलेज निवडताना सल्ला हवा असेल, तर कादंबऱ्या जरूर वाचाव्यात आणि एकदा त्या पहाटेच्या गाडीने जाऊन यावे.